संपाच्या वेळी अत्यावश्यक, बागेच्या फाटकाशी परके

आपत्कालीन सेवेत काम करणाऱ्यांना सार्वजनिक बागा, उद्याने आणि राखीव हिरव्या जागा यांत विनामूल्य प्रवेश द्यावा, ही मागणी आता निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या रूपांत ऐकू येऊ लागली आहे. पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक रोज मरण डोळ्यांसमोर पाहतात. ड्यूटी संपल्यावर त्यांना दोन घटका झाडाखाली बसता यावे आणि त्यासाठी फाटकावर पैसे मोजावे लागू नयेत, यात गैर काहीच नाही. आपल्यातील काही कार्यकर्त्यांनाही ही कल्पना पटली आहे. मागण्यांच्या सनदेत तेही एक कलम असू द्या, असे ते म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण या मागणीचे आज जे रूप पुढे येते आहे, ते कामगार संघटनेने जसेच्या तसे उचलू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे मी वाराणसीच्या आधाराने मांडणार आहे.

वाराणसीच का, असे कोणी विचारील. एक तर ज्याच्या घरातून काशीला कोणीच गेलेले नाही असा आपला वाचक विरळाच. रेल्वेवाला पासावर जातो, टपालवाला एलटीसीवर. महानगरीत किंवा कामायनीत बसायचे, घाटावर स्नान करायचे, सारनाथ पाहायचे आणि परतायचे. दुसरे असे की वाराणसी देवळांचे शहर आहे तितकेच ते रेल्वे आणि टपालाचे शहर आहे. वाराणसी जंक्शन, ज्याला सगळे कँट म्हणतात, ते उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागात. वाराणसी सिटी आणि २०२१ पासून बनारस हे नाव मिळालेले जुने मंडुआडीह ही पूर्वोत्तर रेल्वेची स्थानके. गंगेपलीकडे जुने मुगलसराय, म्हणजे २०१८ पासूनचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, ते पूर्व मध्य रेल्वेत. एका शहराच्या अवतीभोवती तीन रेल्वे, शिवाय डिझेल इंजिनांचा कारखाना, ज्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले आणि ज्याचे नाव २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. विश्वेश्वरगंजचे मुख्य टपाल कार्यालय आहे. त्या कार्यालयाच्या पोस्टमनला ज्या गल्ल्यांतून पत्रे वाटावी लागतात, त्यांत दोन माणसे आणि एक गाय एकदम मावत नाहीत.

अशा शहरात 'आपत्कालीन सेवेतील कर्मचारी' कोणाला म्हणायचे? सगळा प्रश्न इथेच अडतो.

जिथे जिथे अशी सवलत दिली गेली, तिथे आधी एक यादी केली गेली, आणि ती यादी गणवेशापासून सुरू होऊन बहुधा गणवेशापाशीच संपली. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २०१२ पासून सेवेतील सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मोफत मिळू लागला. माजी सैनिक आणि शहीदांची कुटुंबे यांना ती सवलत मिळायला २०२० साल उजाडले. सैनिकाच्याच घरात एवढी वर्षे लागली, तिथे आग विझवणारे आणि रुग्णवाहिका चालवणारे २०१२ च्या यादीत नव्हते याचे नवल वाटायला नको. मग गँगमनचा आणि सॉर्टरचा नंबर कधी लागणार?

आपल्याकडे तर या शब्दाचा आणखी एक इतिहास आहे. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला, त्याच्या तोंडावर सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला. रेल्वे आणि टपाल त्यात आघाडीवर होते. आपण अत्यावश्यक आहोत हे त्या दिवशी आपल्याला सरकारकडून कळले. मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो कामगार तुरुंगात गेले, वसाहतींतील खोल्यांतून बायकामुलांना बाहेर काढले गेले, कारण काय, तर रेल्वे थांबली तर देश थांबतो. अगदी बरोबर आहे. पण हा शोध संप मोडतानाच का लागतो? उत्तर प्रदेशातलीच ताजी गोष्ट सांगतो. जुलै २०२१ मध्ये तिथल्या १०८ आणि १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी संप केला. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, याच लोकांनी प्राणवायूचे नळकांडे सांभाळत माणसे इस्पितळात पोहोचवली होती. त्यांच्यावर अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला गेला आणि शेकडोंना घरी बसवले. कायद्याच्या लेखी ते अत्यावश्यक, पण कोणाचे कर्मचारी, तर कंत्राटदाराचे. उद्या वाराणसीच्या एखाद्या बागेवर 'आपत्कालीन सेवेतील शासकीय कर्मचाऱ्यांस ओळखपत्र दाखवून प्रवेश मोफत' अशी पाटी लागली, तर हा रुग्णवाहिकेचा चालक तिकिटाच्याच रांगेत उभा राहील.

कोविडच्या काळात आपलेही असेच झाले. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले की कोविडने १,९५२ रेल्वे कर्मचारी गेले. ऑक्सिजन एक्स्प्रेस धावत होत्या, श्रमिक गाड्या त्याआधी धावल्या होत्या. तरीही रेल्वे कामगाराला पहिल्या फळीतला मानावे, लशीत प्राधान्य द्यावे, विमा द्यावा, हे संघटनांना मागावे लागले. टपाल खात्याने एप्रिल २०२० मध्ये सेवेत असताना कोविडने मृत्यू आल्यास दहा लाख रुपये जाहीर केले आणि त्यात ग्रामीण डाकसेवकही धरले, हे चांगलेच झाले. पण एरवी त्या डाकसेवकाला खात्याचा पूर्ण नोकर मानायला खाते तयार नाही, हे आपण सारे जाणतो. मरताना बरोबरी आणि जगताना वेगळी पंगत.

यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपत्ती म्हणजे सायरन असतो. खऱ्या आपत्तीत काय होते ते पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात बसून लोकांना कोणत्या बाजूने बाहेर पडा हे ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले. त्यांच्या कक्षाच्या दिशेनेही गोळी आली. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते, अंगावर गणवेश नव्हता. किती माणसे त्या आवाजाने वाचली याचा हिशेब कोण करणार? ७ मार्च २००६ च्या संध्याकाळी वाराणसीत संकटमोचन मंदिरात आणि कँट स्थानकात स्फोट झाले. पोलीस आणि डॉक्टर यांनी आपले काम केले. पण रक्त सांडलेल्या त्या स्थानकातून गाड्या पुन्हा सोडायच्या, सिग्नल द्यायचे, घाबरलेल्या प्रवाशाला फलाट सांगायचा, सामान उचलायचे, फरशी धुवायची, ही कामे कोणाची? स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, हमाल, सफाईवाले यांचीच.

गंगेच्या पुराचेही तेच. १९७८ साली वाराणसीत पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. तो उच्चांक अजून मोडलेला नाही, पण धोक्याची खूण त्यानंतर कितीदा तरी ओलांडली गेली आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकरावी बटालियन आता वाराणसीतच असते आणि तिचे जवान मोठे काम करतात. त्यांच्या किती तरी पिढ्या आधीपासून बुडणाऱ्याला ओढून काढत आला तो घाटावरचा मल्लाह, निषाद समाजाचा नावाडी. त्याच्याकडे कुठले ओळखपत्र? पूर येतो तेव्हा त्याची होडी बंद, म्हणजे रोजगारही बंद, आणि तरी लोक त्यालाच हाक मारतात.

सांगायचे इतकेच की 'आपत्कालीन' ही रेघ जिथे ओढाल, तिच्या पलीकडे नेहमी आपलाच कोणीतरी उरतो.

आता बागेकडे येऊ. काशीचे एक जुने नाव आनंदवन आहे, म्हणजे हे मुळात वन होते असे तिथले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. आजच्या दाट वस्तीत ते खरे वाटणार नाही, पण तळी, कुंडे आणि बागा यांनी हे शहर भरलेले होते. मैदागिन हे नाव मंदाकिनी तलावाचे अपभ्रंश रूप. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो तलाव बराचसा बुजवला आणि तिथे कंपनी बाग झाली. विश्वेश्वरगंजच्या टपाल कार्यालयापासून ती जवळच आहे. बेनियाबागेचीही तीच कथा, तळे गेले आणि बाग आली. या बेनियाबागेत व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर समाजवादी कार्यकर्त्यांनी राजनारायण यांच्या पुढाकाराने हटवला. हेच राजनारायण पुढे १९७७ साली इंदिरा गांधींना रायबरेलीत पराभूत करणारे. बागेला आता त्यांचे नाव आहे, आणि स्मार्ट सिटीच्या योजनेत त्या बागेखाली वाहनतळही झाला आहे. वर झाडे, खाली मोटारी. काळाचा महिमा!

पण बनारसच्या कष्टकऱ्याची खरी बाग वेगळीच होती. तिथे 'बहरी अलंग' असा एक शब्द आहे. बहरी अलंग म्हणजे बाहेरची बाजू. विणकर, तांबट, सुतार आपले हातातले काम ठेवून शहराबाहेर एखाद्या बागेत, तळ्याकाठी, नाहीतर होडीने गंगेच्या पलीकडच्या वाळवंटात जायचे. कपडे धुवायचे, अंग रगडून अंघोळ करायची, गोवऱ्यांवर बाटी भाजायची, भांग घोटायची ती घोटायची, आणि संध्याकाळी परत यायचे. नीता कुमार या अभ्यासक बाईंनी १९८८ साली बनारसच्या कारागिरांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, त्यात या बहरी अलंगचे सविस्तर वर्णन आहे. माणूस गरीब, पण मोकळ्या हवेवर आपला हक्क आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. तिकीट कोणी मागितले नाही आणि सवलतही कोणी दिली नाही.

त्याच पलीकडच्या वाळूवर जानेवारी २०२३ मध्ये 'टेंट सिटी' उभी राहिली. तंबूत एका रात्रीचे भाडे हजारांत. वाळूवर अशी वस्ती बसवता येते का, हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. ज्या वाळूवर तांबट बाटी भाजत होता तिथे रात्रीचे हजारो रुपये लागू लागले, यापेक्षा या प्रश्नाचे नेमके चित्र मला दुसरे सापडत नाही. अशा वेळी तंबूच्या दारात पोलिसाला आणि गार्डाला सूट मिळाली असती, तर आपण समाधान मानले असते काय? (गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचे. नाव वाढले, पाळी तीच.)

सारनाथला तर आपले लोक आवर्जून जातात. विशेषतः धम्म स्वीकारलेल्या आपल्या बांधवांसाठी ते प्रवासाचे मुख्य ठिकाण असते. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या काही दिवस आधी, बाबासाहेब आंबेडकर सारनाथला येऊन गेले. तथागतांनी पहिले प्रवचन दिले ती जागा मृगदाव, म्हणजे हरणांचे रान, जिथे हरणाला कोणी मारायचे नाही असे अभय होते. १९३१ साली बांधून झालेल्या मूलगंधकुटी विहारात जायला तिकीट नाही. शेजारी धमेक स्तूप आणि उत्खननातील अवशेष आहेत, आजूबाजूला हिरवळ आहे, ते पुरातत्त्व खात्याच्या कुंपणात येते आणि तिथे तिकीट आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना नाही, ही चांगली तरतूद. पण मोठ्यांचा दर पाहा. २०१६ पर्यंत पाच रुपये, मग पंधरा, आणि २०१८ च्या दरवाढीत पंचवीस. पंचवीस रुपयांत काय मोठेसे, असे म्हणणारे भेटतात. पासावर आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांसह चार मोठी माणसे धरा, की शंभराची नोट जाते. आणि बाहेरगावच्या यात्रेकरूचे एक वेळचे जाऊ द्या. सारनाथच्या आसपास राहणारा विणकर किंवा रिक्षावाला रोज संध्याकाळी त्या हिरवळीवर बसेल काय? अवशेषांच्या जतनासाठी पैसा लागतो हे मान्य. मात्र ज्या सम्राटाचा स्तंभ तिथे उभा केलेला सापडला, त्या अशोकाने रस्त्याच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचे स्वतःच्या लेखात कोरून ठेवले आहे, हेही तिथे गेल्यावर आठवते.

दर कसे वाढतात हे मुंबईकरांना सांगायला नको. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासूनची. गिरणगावातल्या, परळ-भायखळ्याच्या रेल्वे कारखान्यांतल्या कितीतरी पिढ्यांची रविवारची सहल म्हणजे राणीची बाग. २०१७ साली मोठ्यांचे तिकीट पाच रुपयांवरून एकदम पन्नासवर गेले. दहापट. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये अशी सोय ठेवली आणि ज्येष्ठांना मोफत ठेवले, म्हणून ओरड कमी झाली. सवलतीचे काम नेमके हेच असते, असे माझे निरीक्षण आहे. दर वाढवताना ज्यांचा आवाज मोठा, त्यांना थोडी सूट द्यायची. संघटित कामगाराला ओळखपत्रावर मोफत सोडले, की फाटकावर भांडायला उरतो कोण? मोलकरीण, बिगारी, हातगाडीवाला. त्यांचे भांडण कोणी ऐकत नाही. आपण ज्या दिवशी सवलतीचे कार्ड खिशात घालू, त्या दिवशी फाटकावरच्या दराला आपली मूक संमती देऊ.

यावर आपले काही अनुभवी साथी म्हणतील की जे मिळते ते आधी पदरात पाडून घ्यावे, उरलेल्यासाठी मग भांडावे. वेतनाच्या बाबतीत हे सूत्र आपण पाळत आलो आणि त्यात शहाणपण आहे. महागाई भत्त्याचा हप्ता मिळाला म्हणजे शेजाऱ्याचे काही जात नाही. बागेचे तसे नाही. बाग ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे. तिथे एकाला मोफत करायचे तर फाटक, शिपाई, तिकिटाची खिडकी आणि ओळखपत्राची तपासणी हे सगळे आधी उभे करावे लागते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण मला या ठिकाणी महत्त्वाचे वाटते. लोखंडे आपल्याच खात्यांतले, आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात काही काळ नोकरी केलेले, त्यानंतर मांडवीच्या गिरणीत भांडारपाल झालेले. गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हा त्यांनी अमुक खात्यातल्या जोखमीचे काम करणाऱ्यांना तेवढी सुट्टी द्या, असे म्हटले नाही. रविवार सगळ्यांना हवा, असे म्हटले. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाला ते मान्य करावे लागले. त्या रविवारी कोणी देवळात गेले, कोणी कुस्त्या पाहायला, कोणी राणीच्या बागेत. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना लोखंड्यांना त्याच रोगाने गाठले. आपत्कालीन सेवेची व्याख्या करणाऱ्यांनी त्यांना कोणत्या रकान्यात घालावे?

दुसरा मुद्दा वेळेचा आहे, आणि मला तो पैशाइतकाच मोठा वाटतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही आपली नाइट ड्यूटी. सरकारी हिशेबात या रात्रीच्या दर तासाला दहा मिनिटे जादा धरतात, तिचा भत्ता मिळतो, आणि सप्टेंबर २०२० च्या आदेशाने मूळ वेतनाच्या ४३,६०० रुपयांवर त्यालाही कात्री लागली. ते भांडण वेगळे. सांगायचे असे की सकाळी सहाला सुटलेला माणूस घरी जाऊन, दोन घास खाऊन झोपतो, अकरा-बाराला उन्हाने आणि गोंगाटाने जागा होतो. त्या वेळी त्याला झाडाखाली बसायचे असते. आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी उद्यानांना दुपारी कुलूप असते. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर, ही वेळ कोणासाठी आहे? दहाला कचेरीत जाणाऱ्या आणि पाचला सुटणाऱ्यासाठी. बंगळूरच्या लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना प्रवेश मोफत आणि नंतर तिकीट अशी पद्धत आहे. फार कौतुक होते तिचे. ती मोफत वेळ नेमकी आपल्या झोपेची.

मी स्वतः बरीच वर्षे रात्रपाळी केली आहे. दुपारी घरात मुलांना गप्प बसवत झोपण्यापेक्षा एखाद्या सार्वजनिक बागेत पाठ टेकावी, असे किती वेळा वाटले, आणि कुलूप पाहून किंवा 'इथे झोपण्यास मनाई आहे' ही पाटी वाचून किती वेळा परतलो, याला गणती नाही. बागेत झोपणारा माणूस आळशी किंवा संशयित, असे ज्याने ठरवले त्याने रात्रपाळी कधी केली नसावी. आणि दिवसभर गल्ल्यांतून चालणाऱ्या पोस्टमनला कोणी मॉर्निंग वॉकचे महत्त्व सांगू नये, त्याला बसायला बाक हवा, पिण्याचे पाणी हवे. आपल्या भगिनी, मग त्या तिकीट तपासनीस असोत वा टपाल कचेरीत खिडकीवर बसणाऱ्या, त्यांना आधी स्वच्छ संडास हवा आणि संध्याकाळी दिवा हवा. या गोष्टी नसतील तर मोफत प्रवेशाचे कार्ड पाकिटातच राहणार.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाहवेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, असे राज्याला मार्गदर्शन केले आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, तिच्यात बागा, उद्याने आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांच्या कामांत स्पष्ट लिहिली आहेत. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला द्यायचे ठरले, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. उत्तर प्रदेशात बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागांच्या रक्षणाचा १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. यातला कोणताही आधार 'आपत्कालीन कर्मचारी' असे म्हणत नाही. नागरिक म्हणतो, कामगार म्हणतो.

आणि दुसऱ्याच्या बागेकडे बोट दाखवण्याआधी आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. वाराणसीच्या इंजिन कारखान्याची वसाहत ही शहरातल्या मोजक्या हिरव्या भागांपैकी एक आहे. रुंद रस्ते, जुनी झाडे, मैदाने, सूर्य सरोवर, जिथे छठ पूजेला हजारो माणसे जमतात. २०१९ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या उत्पादन कारखान्यांचे महामंडळ करण्याची टूम निघाली, तेव्हा तिथले कामगार कुटुंबांसह रस्त्यावर उतरले. नोकरीचा प्रश्न तर होताच. पण कारखाना गेला की वसाहत जाते आणि वसाहतीबरोबर झाडे व मैदाने जातात, हेही त्यांना दिसत होते. रेल्वेच्या जमिनींचा व्यापारी विकास करण्यासाठी २००६ पासून एक स्वतंत्र प्राधिकरणच काम करते आहे. वसाहतींच्या पुनर्विकासात आपल्या मुलांचे खेळायचे मैदान नकाशावर 'रिकामा भूखंड' म्हणून दाखवले जाते. भुसावळ, दौंड, परळ, अजनी, कुठल्याही वसाहतीतल्या बंधूला विचारा, मैदान म्हणजे काय असते ते तो सांगेल. हे राखणे आपल्या हातात आहे, कारण विभागीय पातळीवरच्या बैठकांत आपला प्रतिनिधी बसतो.

तेव्हा कलम घालायचेच असेल तर असे घालावे, असे मी सुचवतो. सार्वजनिक उद्यानांत आणि हिरव्या जागांत कोणालाही प्रवेशशुल्क नसावे. जिथे पुरातन वास्तूंच्या जतनासाठी ते टाळता येत नाही तिथे स्थानिक रहिवाशांना आठवड्यातून काही दिवस मोफत असावे. जिथे तीन पाळ्यांत काम चालते अशा शहरांत निदान एक मोठी बाग दुपारी उघडी ठेवावी, तिथे बाके, पाणी, संडास आणि दिवे असावेत. बागेत झोपलेल्या माणसाला काठीने उठवू नये. बागेतल्या माळ्याला कंत्राटी न ठेवता पालिकेने नोकरीत घ्यावे, कारण झाडे टिकतात ती त्याच्यामुळे. आणि रेल्वे व टपाल वसाहतींतील मैदाने विकासाच्या नावाखाली विकू नयेत. अग्निशमन दलाच्या आणि रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांना या मागणीत बरोबर घ्यावे. त्यांच्यासाठी वेगळी रांग मागण्यापेक्षा ही रांगच नको, हे त्यांनाही पटेल.

यंदा जे बंधू-भगिनी पासावर किंवा एलटीसीवर काशीला जाणार असतील, त्यांना एक काम सांगतो. कंपनी बाग, बेनियाबाग, सिग्र्याचे शहीद उद्यान, सारनाथ, जिथे जाल तिथे फाटकावरची पाटी वाचून उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा, दर असल्यास दर, आणि दुपारी बारा वाजता आत बसायला जागा मिळाली की नाही, एवढे एका पोस्टकार्डावर लिहून आपल्या शाखेच्या चिटणिसाकडे पाठवा. परतल्यावर आपल्या गावच्या बागेचीही अशीच नोंद करा.